कुडाच्या फटीतलं बोट

नऊ काचपट्ट्या.

चिखलाच्या रस्त्यानं आलेली सायकल. चाकं कोरडी.

भिंतीवर गेरूनं लिहिलेली, अजून न उजाडलेली तारीख.

दूध पिणाऱ्या वासराचा आवाज. गोठा रिकामा.

पटो न पटो, मी तिथं होते. सप्टेंबर १९९८, एक गुरुवार. एटापल्लीच्या पुढं, आमचं बांबूच्या कुडाचं घर.

तापाच्या दिवसांत आमच्याकडे मलेरियावाला दारोदार येतो. बोटाला सुई टोचतो, काचपट्टीवर थेंब घेतो, भिंतीवर गेरूनं तारीख टाकतो. त्याला कुणी नाव विचारत नाही. बोट पुढं करायचं, बस.

त्या जुलैत आला तो नवा होता. देखणा.

माझी मोठी बहीण हर्षाताई एकोणीस वर्षांची. तिनं मात्र नाव विचारलं.

"प्रफुल," तो म्हणाला. बोट सोडलं नाही.

मग दर गुरुवारी, दिवेलागणीला. फक्त तिचंच रक्त.

"एवढ्या रक्तात तं साऱ्या तालुक्याचा मलेरिया सापडला असता," आई चिडवायची.

ताई लाजायची. गाल मात्र लाल होत नव्हते…

नवव्या गुरुवारनंतर ती उठेना. आई दवाखान्यात रिपोर्ट मागायला गेली.

"बाई, आमचा मानूस दोन महिन्यांपासून सुट्टीवर हाये," तिथला कंपाउंडर म्हणाला. "तुमच्या गावाले कोणी येतच नाई."

दहाव्या गुरुवारी आईनं दाराला अडसर लावला.

बाहेर त्याची सायकल थांबली.

त्यानं दार वाजवलं नाही. हाक मारली नाही.

नुसता उभा राहिला…

ताई खाटेवरून सरकली. कुडाच्या फटीतून तिनं बोट बाहेर घातलं.

मी तिच्या कमरेला मिठी मारून ओढलं. आईनं मला ओढलं. ताई सुपाएवढी हलकी झाली होती. तरी जागची हलेना.

"ताई, हात आत घे! मरशील!"

"सोड ना रुपा," ती हसली. "उपाशी हाये तो. मले दुखत नाई."

या वेळी काचपट्टी वाजली नाही.

आवाज आला… वासरू पितं तसा.

आणि एकाएकी माझ्या मिठीत काहीच नव्हतं.

अडसर आतून तसाच. कुडाबाहेर नऊ काचपट्ट्या, धुतल्यासारख्या स्वच्छ.

गावानं महिनाभर जंगल पालथं घातलं. ताई मिळाली नाही.

मग एका गुरुवारी त्याच फटीतून…

एक बोट आत आलं. टोचल्याच्या खुणांनी भरलेलं.

"रुपा," बाहेरून ताईचा आवाज. "तुले ताप हाये का?"

आई आणि मी ब्रह्मपुरीला निघून आलो. सिमेंटचं घर घेतलं. एकही फट नाही. आठ वर्षं झाली.

काल भिंतीवर गेरूची तारीख दिसली. पुढच्या गुरुवारची. आईनं पुसली. आज पुन्हा आहे.

त्या जुलैत पहिल्या दिवशी तो अंगणातच थांबला होता, कुणी बोलावण्याची वाट पाहत. "आत या," असं मी म्हणाले होते.