बाहुली धुवायला गेलीय

म्युझियमच्या भिंतीला लागून बाबागाड्या उभ्या होत्या आणि सगळ्यांत बाळं झोपलेली. दुपारी बाळाला बाहेर गारव्यात नाही झोपवलं तर ते कायम आजारी पडतं, असं येप्पेची आई सांगायची. डेन्मार्कात, निदान आलबोर्ग शहरात तरी, सगळ्याच आया तेच सांगतात. येप्पेनं सात महिन्यांच्या व्हिगोला दुलईत नीट गुंडाळलं. बेबी मॉनिटरचा एक डबा त्याच्या पायाशी ठेवला, दुसरा स्वतःच्या खिशात टाकला आणि सिग्नेचा हात धरून आत गेला. सिग्ने म्हणजे थोरली, साडेतीन वर्षांची.

बायको आजपासून पुन्हा कामावर रुजू झाली होती. निघताना म्हणाली, "दोघांना घेऊन जातोयस, दोघांना घेऊन ये. बाकी घर कसंही ठेव."

आत सगळं हात लावायसाठीच होतं. पोरं कणीक तिंबत होती, लाकडी गाईचं दूध काढत होती, पंपानं पाणी उपसत होती. कोपऱ्यात जुन्या काळचं शेतकऱ्याचं घर होतं आणि त्यात जमिनीवर डुलणारा लाकडी पाळणा. आत नुसतं वाळलेलं गवत. सिग्ने तिथंच बसली आणि पाळणा हलवायला लागली.

"यातलं बाळ कुठं गेलं?" येप्पेनं विचारलं.

"बाहुली धुवायला गेलीय." मागून इंगेर बोलली. ही तिथं लक्ष ठेवणारी म्हातारी. "काल पोरांनी लापशी भरवली तिला. तोंडात कमी, कानात जास्त." मग जरा थांबून म्हणाली, "पोरीला सांग, रिकामा नको हलवू."

"माझी आजीपण हेच म्हणायची."

"मग ऐकायचंस की."

पंपाकडं कुणीतरी कुणाला तरी भिजवलं, तशी इंगेर तिकडं धावली. येप्पे हसला. सिग्ने हलवत राहिली.

खिशातून व्हिगोचा श्वास ऐकू येत होता. संथ, जड. बऱ्याच वेळानं येप्पेच्या लक्षात आलं, श्वासामागं अजून काहीतरी वाजतंय. टक. टक. लाकडावर लाकूड टेकल्यासारखं. पाळण्याच्या लयीत.

भिंतीतून आवाज जात असेल बाहेर, असं त्यानं मनाला सांगितलं.

"चल सिग्ने, डबा खाऊ."

"हलवायचं थांबवलं तर तो रडेल."

"कोण?"

बाबाला काहीच कसं कळत नाही, अशा नजरेनं तिनं पाहिलं आणि गवताकडं बोट केलं. "हा."

येप्पेनं तिला उचललं. पाळणा थांबला.

खिशात कुणीतरी रडायला लागलं.

व्हिगो नव्हता तो. व्हिगोला आधी एक उचकी लागते, मग तो टाहो फोडतो. हे रडणं कोरडं होतं, बारीक. घसा वापरायची सवय मोडल्यासारखं.

सिग्नेला कडेवर घेऊन तो बाहेर धावला. व्हिगो गाढ झोपलेला, ओठ मिटलेले. खिशातलं रडणं तरीही चालूच.

दुसऱ्या कुठल्यातरी बाळाच्या मॉनिटरचा आवाज पकडला असणार. तेवढ्यात रडणंही थांबलं. सिग्ने थंडीनं कुडकुडत होती, तिचा थंडीचा सूट आतच राहिलेला. तो तिला घेऊन परत आत गेला.

सूट घेऊन येताना पाळण्यावर नजर गेली. गवतात खळगा पडला होता. छोटासा. त्यानं हात लावून पाहिला.

उबदार होता.

बाहेर व्हिगो जागा झाला होता. रडत नव्हता. नुसता बघत होता. केसात वाळलेल्या गवताची काडी अडकलेली. ती येप्पेनं काढली आणि गाडी जवळजवळ पळवतच बस गाठली.

बसमध्ये सिग्नेनं गाडीत एकदा डोकावलं आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

"भावाला खेळव ना जरा," येप्पे म्हणाला.

"याला नको असतं."

बस फ्योर्डच्या खाडीवरच्या पुलावर चढली.

खिशात एक उचकी आली. मग टाहो.

समोर गाडीतलं बाळ तोंड मिटून त्याच्याकडं बघत होतं.

मॉनिटरचा गाडीतला डबा बाळाच्या पायाशीच होता, हातभर अंतरावर, हिरवा दिवा लागलेला. तरी बस पुढं जाईल तसा तो टाहो खरखरत बारीक होत चालला, लांब पडल्यासारखा. येप्पेनं थांब्याचं बटण दाबलं. दाबतच राहिला.

मग रडणं थांबलं.

टक. टक.

तिकडं व्हिगोला कुणीतरी डोलवत होतं.