शर्टावरचं आडनाव

मफिका पहिल्यांदा दिसला तो ट्रकखालून बाहेर येताना. नखशिखांत तेलाने माखलेला, आणि तरी हसत होता. दक्षिणेकडच्या जंगलातून तो दोन रानकुत्रे घेऊन आला होता आणि नेमका आमच्या जंगलाच्या फाटकाशीच ट्रक बंद पडला होता. ड्रायव्हरने त्याला आपला जादाचा शर्ट दिला. खिशावर लाल दोऱ्याने आडनाव भरलेलं होतं – म्थेत्वा.

फाटकावर आमच्या जंगलात कामाला असलेली झाकिथी उभी होती. तीही म्थेत्वाच. तिने शर्ट वाचला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. जन्मात एकदा असा देखणा मुलगा दारात यावा, आणि तोही आपल्याच आडनावाचा! आम्हा झुलू लोकांत एक आडनाव म्हणजे एक रक्त. ओळख असो वा नसो, तो भाऊच.

"ये दादा," ती म्हणाली आणि पाण्याचा मग पुढे केला.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा म्फोलोझी नदीकाठच्या आमच्या जंगलात ठिपक्याठिपक्यांची रानकुत्री म्हणून फक्त तीन बहिणी उरल्या होत्या. नर नाही तर पिल्लं कुठली? त्या म्हाताऱ्या झाल्या की आमच्याकडे ही जात संपलीच. म्हणून हे दोन नर आणले, एकमेकांचे भाऊ. पण परक्या वासाचं कुत्रं दिसलं की ही जनावरं कधीकधी त्याला फाडूनही टाकतात. त्यावर जनावरांच्या डॉक्टरांचा एक उपाय होता. पाचही जणांना झोपेचं इंजेक्शन द्यायचं आणि निजलेल्यांची अंगं एकमेकांवर घासायची. जाग आल्यावर सगळ्यांना सगळ्यांचा वास येतो, आणि परकं कुणी उरत नाही.

घासायचं काम झाकिथी आणि मफिकाच्या वाट्याला आलं. तिच्या मांडीवर तीन कुत्र्यांतली थोरली बहीण, त्याच्या मांडीवर फाटक्या कानाचा नर. मानेला मान, पोटाला पोट... रानकुत्र्याच्या वासापुढे आठवडाभर साबणाचं काही चालत नाही. वर पाऊस भुरभुरत होता, आणि त्या ओल्या केसांत बोटांना बोटं लागत होती.

"आता आपल्या दोघांनाही एकच वास येणार," तो हळूच म्हणाला.

"येऊ दे की, दादा."

बिचारा! मुलीने दादा म्हटलं की जे समजायचं, ते तो समजला. पण तिच्याकडे बघायचं काही त्याला सोडवेना. आणि झाकिथीचा नुसता संताप व्हायचा. भाऊ असून असा बघतो, याला लाज कशी नाही? त्याहून वाईट म्हणजे ते बघणं तिला आवडायचं. मग स्वतःचाच राग यायचा, आणि तो त्याच्यावर निघायचा.

विचारून टाकायचं ना, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याचं आडनाव छातीवर वाचलंय, त्याला ते पुन्हा कोण विचारणार? सगळ्यांसाठी तो नुसता मफिका होता. ती मात्र म्थेत्वा, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कारण म्हातारे रखवालदार खानयिलेबाबा तिला म्थेत्वांच्या कुळनावानेच हाक मारत – न्याम्बोसे.

पाचही कुत्री आधी एका कुंपणात ठेवली होती, आणि सहा आठवडे ती दोघं कुंपणाबाहेर बसून नोंदी करत होती. एकाच डब्यातलं मक्याचं फुथू आणि आंबट दूध खात होती. तो काहीतरी बोलायचा, ती खळखळून हसायची, आणि मधेच आठवण होऊन गप्प व्हायची.

एप्रिलातल्या एका दुपारी थोरलीने एका झुडपावर मूत्र सोडलं. फाटक्या कानाचा मागोमाग गेला आणि त्याने नेमकं त्याच पानांवर सोडलं. वाचताना हसू येईल, पण या कुत्र्यांत जोडी जमल्याची ती खूण असते. खानयिलेबाबा डॉक्टरांना सांगायला धावले.

"त्यांचं जमलं," मफिका म्हणाला. "मी उद्या निघतो."

"बरं, दादा."

"झाकिथी... नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हण. पण हे दादा नको. सहा आठवडे ऐकतोय."

"मग काय म्हणू? न्याम्बोसे म्हणू? एका रक्ताचे आपण. तुला काहीच कसं वाटत नाही?"

"न्याम्बोसे? अगं, मी झोंडी आहे."

"आणि शर्ट?"

"कुठला शर्ट?"

"पहिल्या दिवशीचा. म्थेत्वा लिहिलेला."

"तो ड्रायव्हरचा होता."

झाकिथीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सहा आठवडे..." ती पुटपुटली, "सहा आठवडे मी स्वतःला शिव्या घालतेय."

"कशाबद्दल?" त्याने अगदी हळू विचारलं.

आपण काय बोलून बसलो, ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती उठली, परकर झटकला आणि चुलीकडे बघायला हवं म्हणून निघून गेली. आमच्याकडे मुलगी लगेच हो म्हणत नाही. मुलाने खेटे घालायचे असतात.

त्याने ते घातले. दर रविवारी दोन बस बदलून यायचा, टोमणे खायचा आणि खुशीत परत जायचा. मे महिन्यात कुत्री जंगलात सोडली. जूनअखेर थोरली एका जुन्या बिळात व्याली, आणि महिन्याभराने पिल्लं बाहेर आली तेव्हा मोजली – नऊ! झाकिथी त्या दिवशी पोटभर रडली.

दक्षिणेकडे कळवायला कचेरीत फोन होता. पण ती म्हणाली, मीच सांगून येते. दोन मैत्रिणी बरोबर घेतल्या, आणि एक लांब काठी आणि पांढरं कापड. मुलीने मुलगा निवडला की तिच्या मैत्रिणी त्याच्या घरी पांढरं निशाण उभारतात. मग साऱ्या गावाला कळतं.

मफिका कामावर होता. परतताना त्याला वळणावरूनच आपल्या छपरावर फडफडणारं कापड दिसलं. तो रस्त्याकडेलाच बसला. शेवटी अंगणात आला, तेव्हा झाकिथी शेजारच्या घरात पडद्याआड उभी होती.

"आई, निशाण कुणाचं?"

"म्थेत्वांच्या झाकिथीचं."

"कुणाचं?"

"झाकिथीचं रे. बहिरा झालास का?"

"ऐकू आलं," तो म्हणाला. "पण आणखी एकदा सांग."

मफिकाला जाऊन आता चार वर्षं झाली. त्या पिल्लांची पुढची पिढी तीन जंगलांत पसरली आहे. तुझी सगळ्यांत सुखाची आठवण कोणती, असं सुना विचारतात, तेव्हा झाकिथी सांगते – पडद्याआड उभी राहून तिने आपलं नाव तिसऱ्यांदा ऐकलं, ती.