तिसऱ्या अंकातला शेजारी

नाट्यगृहातल्या खुर्चीच्या हातावर तिने कोपर टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. शेजारच्या माणसाची बाही ओली होती. ओली आणि थंडगार! बाहेर टळटळीत दुपार, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि हा इसम नदीत बुडी मारून आल्यासारखा... नजर समोर, हात मांडीवर, पाठ ताठ.

"सॉरी," ती म्हणाली.

त्याने मानसुद्धा वळवली नाही. शिष्ट दिसतोय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर 'आता नीट दिसतंय?' असं विचारून विचारून तिला जगात काय काय नीट दिसत नाही ते बोलून दाखवायची सवयच लागली होती. घरी सगळे तिला 'परीक्षक' म्हणायचे. आज तर ती मत द्यायलाच आली होती. हे जुनं नाटक तिने लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून पाहिलेलं. बुडालेला नावाडी एका संध्याकाळपुरता बायकोकडे परत येतो, एवढीच गोष्ट. पण तेव्हा रंगमंचावर धूर यायचा, फळी उघडून भूत वर यायचं आणि ती आत्याच्या कुशीत तोंड लपवायची. आता म्हणे कुणी तरी ते 'आजच्या काळात' आणलं होतं. कशाला? धडधाकट नाटकाला हात लावायची खाज कशाला?

पडदा उघडण्याआधी दिग्दर्शिका स्वतः पुढे आली. आखूड केस, थकलेला चेहरा.

"भुताचा प्रवेश आम्ही नव्या तऱ्हेने केलाय," ती सरळच म्हणाली. "आधीच्या प्रयोगांना लोक हसले. निर्मात्यांना तो काढून नुसता रेकॉर्ड केलेला आवाज ठेवायचाय. म्हणजे आमच्या नटाचं काम जाणार. तेव्हा नाटक संपल्यावर थांबा. ठेवायचा की काढायचा, तुम्ही सांगा."

काढाच, असं परीक्षक मनात म्हणाली. अजून पाहिलं काहीच नव्हतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पडदा उघडला. नावाड्याची बायको काचेच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती.

"बघा!" ती शेजाऱ्याच्या कानाशी कुजबुजली. "नवरा वादळात अडकलाय आणि ही बटणं दाबतेय. तुम्हाला पटतं का हो हे?"

तेवढ्यात स्पीकरमधून कुणाचा तरी श्वास ऐकू यायला लागला. संथ, जड, अगदी मानेवर पडावा असा.

"भूत आणि श्वास घेतंय! मग मेलं कशाला?" ती पुटपुटली खरी, पण ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळून बसली.

मध्यंतर झालं. दिवे लागले, अख्खी रांग चहाला उठली, शेजारी मात्र हलला नाही. आता तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. देखणा होता मेला. ओले केस कपाळावर, हनुवटीवर थेंब. आणि डोळे... उजेड पडला की बुबुळातली काळी बाहुली आक्रसते, जिवंत माणसाची तर आक्रसतेच. ती रोज पाहायची. ह्याची आक्रसली नाही. मोठी, काळीभोर, स्थिर.

शहाणी मुलगी असती तर उठून गेली असती. पण घाबरली की हिची बडबड वाढायची.

"एक सांगू?" ती म्हणाली. "धूर नको नि लॅपटॉपही नको. लोकांना खरं घाबरवायचं असेल ना, तर भुताने सरळ येऊन शेजारी बसावं."

"बसलंय की."

खोल आवाज, अगदी कानाजवळ. तो समोरच बघत होता. ओठांचा कोपरा तेवढा हलला... की हलला नाही?

"मग..." तिने ओढणी आवळली. "मी उठून जाऊ?"

"नका ना. बोलत राहा. फार दिवसांनी शेजारी कुणी बोलतंय."

"मी नुसती नावं ठेवतेय."

"तुमच्या तोंडून नावंसुद्धा गोड लागतात."

अशा वेळी माणसाची पाचावर धारण बसते. हिचे गाल तापले! मेलेल्या माणसापुढे लाजले, हे कळून ती आणखीच घाबरली आणि पुढचा अख्खा अंक त्याच्याकडे न बघता, पण त्याच्याच बाजूला किंचित झुकून बसून राहिली.

तिसऱ्या अंकात नावाड्याच्या बायकोने लॅपटॉप मिटला. अंधारात बघत तिने हळूच विचारलं, "आलास?"

धूर नाही. फळी उघडली नाही. स्पीकरमधला श्वास फक्त थांबला, आणि शेजारची खुर्ची करकरली. तो उठला. परीक्षकबाईंच्या पावलावर पाण्याचे थेंब पडले. एकेक पाऊल टाकत तो रंगमंचाकडे निघाला, आणि तिच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की अख्खं नाट्यगृह गारठलं. त्या प्रवेशाला कुणीही हसलं नाही.

नाटक संपलं. तो खांद्यावर टॉवेल घेऊन इतर नटांबरोबर उभा होता. डोळ्यांत आता साधी तपकिरी बुबुळं. लेन्स! असल्या लेन्स ती स्वतः विकायची, आणि भीतीपोटी तिला त्या ओळखता आल्या नव्हत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किंचाळल्या त्या ताई, बोला," दिग्दर्शिका म्हणाली.

ती उठली. "लॅपटॉप काढा. काचेचं टेबलही काढा, त्या बाईला नुसती वाट बघू द्या. मी खरं तर नाक मुरडायलाच आले होते. पण धुरातलं भूत तिकडे लांब असायचं, मला आत्याच्या कुशीत लपता यायचं. आज लपायला जागाच नव्हती. हा प्रवेश काढलात तर नाटकात उरणार काय? हे माझ्याशी बोलले, तेव्हा तर..."

तिने जीभ चावली. पण उशीर झाला होता. दिग्दर्शिकेचा चेहराच बदलला.

"बोलला? नाट्यगृहात पाऊल टाकल्यापासून त्याने अवाक्षर काढायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तो मोडला असेल तर हा माणूस मला नको."

"मी नाही बोललो," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. वाचवायला उभी राहिले आणि गळा कापून बसले, या विचाराने तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात मागून ध्वनीवाला उठला. "तो नाही बोलला. श्वासासाठी त्याचा माइक पहिल्यापासून चालू असतो. मध्यंतरातही माझ्या कानात होता. फक्त ताईंचाच आवाज येत होता." त्याने कान खाजवला. "त्या कुणाला तरी उत्तरं देत होत्या, एवढं खरं."

लोक हसले. सगळ्यांनी हात वर केले, प्रवेश राहिला, त्याचं कामही राहिलं. तिचे तळहात मात्र बर्फ झाले होते.

बाहेर पायऱ्यांवर ती संधिप्रकाशात उभी होती. तो कोरडे कपडे घालून आला.

"तुमच्यामुळे वाचलो," तो म्हणाला.

"खरं सांगा, बोलला होतात ना?"

"आईशप्पथ नाही."

"मग मला वेड लागलंय?"

त्याने नजर बुटांकडे वळवली. "बोलावंसं फार वाटत होतं... म्हणून मनातल्या मनात बोलत होतो. भुताने शेजारी बसावं म्हणालात ना, तेव्हा म्हणालो..."

"काय?"

"बसलंय की."

तिच्या सर्वांगावर काटा आला. ते शब्द तिने आत कुणालाही सांगितले नव्हते. पळावं, असं पायांना वाटत होतं; पण बाकी कशालाच वाटत नव्हतं.

"आणि त्यापुढे?" तिने विचारलं.

"तुमच्या तोंडून नावंसुद्धा..." तो अडखळला. कान लालबुंद झाले. "ते राहू द्या."

रस्त्यावरचे दिवे लागले. तो तिच्याकडे बघत होता, ओठ घट्ट मिटून. ती त्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. आणि तरीही, अगदी कानाजवळ, तिला त्याचा प्रश्न स्पष्ट ऐकू आला: पुन्हा भेटाल का?

"हो," ती म्हणाली.

तो दचकून मागे सरला. "मी... मी अजून विचारलंच नाही!"

"माहीत आहे." ती हसत होती. "मला प्रचंड भीती वाटतेय. आता एकदा तोंडाने विचार."

आणि त्याने विचारलं.