मिस्त्रीचं शेवटचं वाक्य

भोंगा वाजला तेव्हा मी एका परक्या ग्रहावर, गुडघाभर राखेत उभी होते. तो खेळातला नसून आमच्या इमारतीतला आहे हे कळायला थोडा वेळ लागला. मग जी धूम ठोकली ती थेट खाली आवारात. आगबीग काही नव्हती, नुसता सराव होता.

“आग लागली तर तुम्ही हेच वाचवणार?” शेजारून कुणीतरी विचारलं.

मी हाताकडे पाहिलं. कंट्रोलर! उपटलेली वायर शेपटासारखी मागे लोंबत होती.

“आणि तुम्ही?” त्याच्या काखेत थर्मास होता.

“यात निदान कॉफी आहे...” असं म्हणून त्याने झाकणात ओतून माझ्यापुढे धरली. मी घेतली. गोड होती, पण त्याला सांगितलं नाही.

माझं काम व्हिडिओ गेम खेळण्याचं. ऐकणाऱ्याला हेवा वाटतो, पण एकच खेळ महिनोन्महिने खेळायचा, चुका शोधायच्या आणि त्यांच्या नोंदी करायच्या, हे दिवसभर करून बघा म्हणावं. नोंदीत तीन रकाने असतात: काय केलं, काय घडलं, काय घडायला हवं होतं. खाली चौथा: काय वाटलं. तो बहुतेक जण कोरा सोडतात. मला गप्प बसणं जमत नाही, त्यामुळे मी तोच सगळ्यात जास्त भरते. या नोंदी नावाशिवाय वर जातात. खेळ लिहिणारे वरच्या मजल्यावर आणि तपासणारे खालच्या. दोघांनी खेळाबद्दल बोलायचं नाही असा दंडकच आहे. लेखकाने समजावून सांगितलं की तपासणाऱ्याची नजर बिघडते म्हणे.

थर्मासवाला मात्र रोज चारला मागच्या पायऱ्यांवर भेटू लागला. “वर असतो, आवाज नोंदवतात त्या खोलीशेजारी,” एवढंच त्याने सांगितलं होतं. मीही खोदून विचारलं नाही. तो मला कंट्रोलर म्हणायचा, मी त्याला थर्मास. चार वाजायला आले की माझा हात उगाच केसांकडे जायचा... हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

“आज काय चिडलात?” एके दिवशी त्याने विचारलं.

“मिस्त्री पुन्हा मेला.”

मिस्त्री म्हणजे आमच्या खेळातला म्हातारा. यान मोडून पडतं, आणि पन्नास तास तो आपल्याबरोबर चालतो. बोथट तलवारीला धार लावून देतो, लढाईत “डावीकडे बघ, डावीकडे!” म्हणून ओरडतो, आणि काही सांगितलं की उत्तरादाखल लोखंडावर पाना दोनदा ठोकतो. शेवटी यान उडावं म्हणून तो इंजिनाचं दार धरून मागे राहतो. आणि तिथे भाषण करतो. तारे, राख, अनंत वगैरे.

“एकेचाळीस वेळा पाहिलंय मी त्याला मरताना. पहिल्यांदा रडले. आता डोकं उठतं. मरणारं माणूस भाषण नाही हो करत!”

“मग काय बोलतं?” त्याने अगदी हळू विचारलं.

हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून असेल, मी सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात होते. मी तासाभरासाठी घरी निघाले, तेव्हा डोळे उघडून म्हणाले, “पोहोचलीस की कळव गं.” घरी आले, अंघोळ केली, आईने ताट वाढलं, जेवायला बसले आणि विसरले. मग तिकडूनच फोन आला.

“मी कळवलंच नाही. आईलाही माहीत नाही हे.”

त्याची बोटं माझ्या बोटांना टेकली, तेवढीच. “हात गार पडलाय तुझा,” तो म्हणाला. बोलण्यातलं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

आठवड्याने खेळाची नवी आवृत्ती आली. मी शेवटापर्यंत पोहोचले. मिस्त्रीने दार धरलं. आता भाषण, म्हणून मी नखं कुरतडत बसले. भाषण आलंच नाही. मिस्त्रीने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

“पोहोचलीस की कळव गं.”

थर्मास वर बसून काय लिहितो, हे एका वाक्यात कळलं. मी खेळ तिथेच थांबवला आणि नोंद केली.

काय केलं: एका माणसावर विश्वास ठेवला.
काय घडलं: माझे बाबा खेळात सापडले.
काय घडायला हवं होतं: आधी विचारायला हवं होतं.
काय वाटलं:

तो रकाना आयुष्यात पहिल्यांदा कोरा सोडला.

दहा मिनिटांत तो खाली आला. दंडक मोडून, सगळ्यांदेखत.

“मिस्त्री मीच लिहितो.”

“कळलं.”

“पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तू बोलायची थांबली असतीस.”

“म्हणून चोरलंस?”

“हो.” त्याने मान खाली घातली. “वर्षभर मी त्या नोंदींतला चौथा रकाना वाचत होतो. कुणाचा आहे ते माहीत नव्हतं... पायऱ्यांवर तू बोलायला लागलीस आणि ओळखलं. प्रेम त्याच्या आधीच बसलं होतं. पण म्हणून मी केलं ते बरोबर ठरत नाही. संध्याकाळपर्यंत जुनं भाषण परत येईल. फक्त... तू दारापाशीच थांबलीस. पुढचं एकदा बघ. मग हाकलून दे मला.”

मला बघायचं नव्हतं. तरी कंट्रोलर उचलला.

यान उडालं, पोहोचलं. पूर्वी इथे खेळ संपायचा. आता रिकाम्या यानात एक बारीकसा दिवा लुकलुकत होता. त्याखाली लिहिलं होतं: कळवा. किती वेळाने विझतो ते पाहावं, ही आमची सवय. मी वाट पाहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दिवा विझला नाही. कितीही उशीर केला तरी विझणार नव्हता.

मी बटण दाबलं. नुसती खरखर आली... आणि मग दूर कुठेतरी लोखंडावर पाना दोनदा वाजला.

मी रडले. शेजारच्या खुर्च्यांवरचे बघत होते, बघू देत.

“काढू नकोस हे,” डोळे पुसत मी म्हणाले. “पण तो ‘गं’ तेवढा काढ. तो माझा आहे.”

“काढतो.”

“आणि मी अजून रागावलेय. बरेच दिवस रागावणार आहे.”

“मी थांबेन,” तो म्हणाला.

संध्याकाळी तो फाटकापर्यंत आला. “पोहोचलीस की...” आणि चपापून गप्प झाला.

“बोल ना.”

“नको. ते तुझं आहे.”

“मी म्हणतेय म्हणून बोल.”

“पोहोचलीस की कळव.”

घरी आईने दार उघडलं. “उंबऱ्यात काय उभी राहिलीस? हातपाय धू, वाढलंय मी.”

“थांब गं आई. आधी एक फोन करते,” मी म्हणाले. “मग तुला बाबांचं काहीतरी सांगायचंय.”

पायातली चप्पलही काढली नव्हती. पलीकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

“पोहोचले,” मी म्हणाले.