आरशातला चौथा बाक

गिटारवाला तोंडघशी पडला असता, तर दहाची मिस्सा ऑर्गनवालीकडेच राहिली असती. हिशेब इतका सरळ होता.

तो मांडून दिला होता खुद्द फादरांनी. रविवारी दहाच्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, चर्च गच्च भरतं. सकाळी साडेसहाच्या मिस्सेला अकरा माणसं येतात, त्यातली तीन पेंगतात. तरुण मंडळींना नवी गाणी हवी होती, जुन्या मंडळींना जुनी. म्हणून चार रविवार दहाच्या मिस्सेत दोघांनी वाजवायचं. प्रवेशाचं आणि निरोपाचं गीत ऑर्गनवर, मधलं अर्पणाचं, फादर वेदीची तयारी करतात तेव्हाचं, गिटारवर. मग फादर ठरवणार, दहाची कोणाला आणि साडेसहाची कोणाला.

"ही काही स्पर्धा नाही हं," फादर म्हणाले. म्हणजे स्पर्धाच.

ऑर्गनवाली पंधराव्या वर्षापासून वाजवत होती. त्याला आता बारा वर्षं झाली. ऑर्गन वर गॅलरीत, मुख्य दाराच्या डोक्यावर. वाजवणाऱ्याची पाठ वेदीकडे, त्यामुळे खाली काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून कधीकाळी कुणीतरी ऑर्गनच्या कपाळावर मोटारीचा आरसा बसवून दिला होता. त्या आरशात अंगठ्याएवढे फादर, नखाएवढ्या मेणबत्त्या आणि ओळीनं बाक. बारा वर्षं तिनं सगळी भक्ती आरशातूनच केली होती.

पहिल्या शनिवारी दुपारी ती सराव करत होती, तेव्हा त्या आरशात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. उंच, खांद्यावर गिटार, हातात वायरचं भेंडोळं. त्यानं मान वर केली... आणि थेट आरशात बघून हसला.

तिचं बोट घसरलं. भलताच सूर लागला.

"चोरून बघता?" खालून आवाज आला.

"कामासाठी बघते."

"मी कामात येतो?"

"आडवे येता. फादरांची जागा दिसत नाही मला."

तो दोन पावलं सरकला. "आता?"

"आता मेणबत्ती दिसत नाही."

तो आणखी सरकला. खांबाला टेकला. "मग एकूण मी उभं तरी कुठं राहायचं?"

"साडेसहाला," ती म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. रिकाम्या चर्चमध्ये ते हसू छतापर्यंत गेलं आणि सावकाश खाली उतरलं — आणि खाली उतरताना ते एकट्याचं वाटलं नाही. मागून आणखी कुणीतरी, अगदी हलकं, हसल्यासारखं. तिनं वळून कठड्यावरून पाहिलं. तो एकटाच वायर सोडवत बसला होता.

पहिला रविवार. खरं सांगायचं तर गाणं छान होतं, आवाज त्याहून छान. पण लोक तोंड मिटून ऐकत बसले, जलशाला आल्यासारखे. फादरांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि गाणं संपायची वाट बघत उभे राहिले. गाण्याचं धृपद अजून दोनदा यायचं होतं. शेवटी कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं चर्च ओशाळलं. ऑर्गनवालीच्या पारड्यात हे सगळंच जमा होतं. ती खुशीत आरशात बघत होती.

तेव्हा ती बाई दिसली.

चौथ्या बाकाचं टोक. राखाडी पोशाख, ताठ पाठ. एवढ्याशा आरशातही लख्ख दिसणारं डाव्या मनगटाचं घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला, आणि घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेला पांढरा रुमाल. सगळे बसलेले, ती एकटी उभी. खांबापाशी बाजूला उभ्या गिटारवाल्याकडे आडवी वळलेली, त्यामुळे मागूनही तिचा अर्धा चेहरा दिसत होता; नजर त्याच्यावर खिळलेली आणि एक हात छातीपाशी उचललेला.

पुढे कोण उभं राहिलंय बघावं म्हणून ऑर्गनवाली वळली. चौथ्या बाकाचं टोक रिकामं होतं. आरशात पाहिलं... बाई होती. हात तसाच.

गाणं संपलं, तशी तीही संपली.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारीही तेच. ऑर्गन वाजताना कोणी नाही. गिटारची पहिली तार छेडली, की बाई हजर. ऑर्गनवालीनं आरसा पुसला, डोळे तपासून घेतले, आणि कोणाला काही सांगितलं नाही. फक्त तिची मावशी, जी चर्चची झाडलोट बघायची, एकदा फडकं पिळता पिळता म्हणाली, "त्या चौथ्या बाकाचं टोक हल्ली कोमट लागतं गं. माणूस नुकतं उठून गेल्यासारखं. तिथं ऊन तर येत नाही."

"हवा असेल, मावशी."

"हवा काय बसून जाते होय?"

इकडे दुसरा एक हिशेब बिघडत चालला होता. गिटारवाला दर शनिवारी थर्मास घेऊन गॅलरीचा जिना चढायचा. ऑर्गनचा बाक दोघांना तोकडा. गुडघ्याला गुडघा लागायचा, दोघंही सॉरी म्हणायचे आणि कोणी सरकायचं नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"तुझे पाय पण वाजवतात?" तो खालच्या पट्ट्यांकडे बघून म्हणायचा.

"तुझे नाही वाजवत?"

"माझे नुसते लटपटतात. तू वरून बघत असतेस ना."

चौथ्या रविवारच्या आदल्या दुपारी तिला राहवलं नाही. कपातली वाफ बघत, चेष्टेच्या सुरात तिनं विचारलं, "तुझी ती राखाडी चाहती कोण रे? चौथ्या बाकावरची. घड्याळात रुमाल खोचणारी."

कप त्याच्या ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"घड्याळ... कसं घालते?"

"तबकडी आत."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आई."

त्याची आई याच चर्चमध्ये गायची. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी इथलीच गाणी गुणगुणायची. मुलानं गिटार हातात घेतली तेव्हा तिनं एकदाच सांगितलं होतं : मिस्सेत ही वाजवलीस, तर मी ऐकायला येणार नाही. शब्दाची पक्की बाई. तो सहा वर्षं तिथल्या चर्चमध्ये वाजवत होता. ती एकदाही आली नाही. दोन वर्षांपूर्वी गेली, तोवर नाही. म्हणूनच तो तिच्या या चर्चमध्ये वाजवायला आला होता.

"मला ती दिसत नाही," तो म्हणाला. "मी समोरच उभा असतो, तरी..."

त्यानं आरशात पाहिलं. आरशात रिकामे बाक होते.

"मी खाली जाऊन वाजवतो. तू बघ. फक्त एवढं सांग, ती रागावलीय का?" जिन्यापाशी तो थांबला. "रागावली असेल तर उद्या नाही वाजवायचं. गिटार उचलून निघून जाईन. आयुष्यभर तिचं ऐकलं नाही... आता तरी."

तो खाली गेला. तार वाजली. आरशात बाई उभी राहिली.

ऑर्गनवालीचं डोकं तशाही वेळी बेरीज करत होतं. एक 'हो' म्हटलं की झालं. दहाची मिस्सा आपली. खोटंही ठरणार नाही, कारण बघणारी आपण एकटी. आणि बाईच्या चेहऱ्यावर कौतुक तर नव्हतंच. पंजा पुढे, खाली दाबत होती, पुन्हा पुन्हा. कुणालाही वाटावं, बंद कर म्हणतेय.

पण ऑर्गनवाली कुणीही नव्हती. बारा वर्षं गायनमंडळासोबत काढली होती तिनं. बंद करायचं असेल तर मूठ वळतात. उघडा पंजा खाली दाबायचा, तो...

गाणं थांबलं. खालून त्याचा आवाज आला. "रागावलीय?"

ती उठून कठड्यापाशी आली.

"नाही," ती म्हणाली. "सावकाश म्हणतेय."

"काय?"

"तू धावतोस. ओळ संपली की लगेच पुढची. लोकांनी श्वास कुठं घ्यायचा? म्हणून कोणी गात नाही तुझ्याबरोबर. आणि ते धृपद चार वेळा कशाला? फादर ताटकळतात तिथं. गाणं त्यांच्यासाठी आहे, ते गाण्यासाठी नाहीत." मग हळूच म्हणाली, "हे शेवटचं माझं. बाकीचं तिचं."

आपल्याच हातानं आपली दहाची मिस्सा तिनं कठड्यावरून खाली टाकली होती. ती पडल्याचा आवाजही झाला नाही.

रविवारी त्यानं सावकाश वाजवलं. पहिली ओळ संपली आणि तो थोडा थांबला. त्या थांब्यात तीनशे माणसांनी एकदम श्वास घेतला, वर गॅलरीपर्यंत ऐकू आला तो. दुसऱ्या ओळीला एक म्हातारा गायला लागला. मग त्याच्या शेजारची. मग ओळीच्या ओळी. फादरांनी हात पुसले, वळले, आणि त्याच क्षणी गाणं संपलं. टाळी कोणी वाजवली नाही. तशी गरजच नव्हती.

आरशात बाईचा पंजा आता वर, उताणा होता. तिचे ओठ हलत होते. ती गात होती.

मग पहिल्यांदाच तिनं त्याच्यावरची नजर काढली. मान वळवली. थेट आरशात बघितलं — ऑर्गनवालीकडे, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. मुलगी पसंत करायला आलेल्या बायका बघतात तसं. ऑर्गनवालीनं नकळत पदर सारखा केला.

बाईनं रुमाल काढला, डोळे टिपले, पुन्हा पट्ट्यात खोचला. त्यानंतर चौथा बाक नुसताच बाक होता.

दहाची मिस्सा गिटारवाल्याला मिळाली.

पुढच्या रविवारी सहा पंचविसाला ऑर्गनवाली जिना चढली, तर बाकावर तो बसलेला. केस विस्कटलेले, मांडीवर थर्मास.

"तुझी दहाला आहे," ती म्हणाली.

"इथं पानं उलटायला माणूस नाही, असं ऐकलं."

"माझी गाणी पाठ आहेत."

"मग मी पाठ होईपर्यंत येतो." तो कानापर्यंत लाल झाला. "रोजच... आलो तर चालेल? म्हणजे, जन्मभर वगैरे?"

"पाच मिनिटांत मिस्सा आहे रे."

"मग लवकर सांग."

"तुझ्या आईनं मला मागच्या रविवारीच बघून घेतलंय," ती म्हणाली. "तू उशीर केलास. सरक."

तो सरकला. ती त्याच्या डावीकडे बसली आणि दचकून थोडी उठली. गॅलरीत कडाक्याची थंडी होती, ऊन तिथं कधीच येत नसे. आणि तो तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. तिची जागा मात्र कोमट होती. कुणीतरी नुकतंच उठून तिच्यासाठी मोकळी करून दिल्यासारखी.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि नीट बसली.

फादरांना गाणारं चर्च मिळालं, गिटारवाल्याला आईचा होकार. ऑर्गनवालीची दहाची गेली, त्याची रविवारची झोप. पण सगळ्यात मोठी किंमत मोजली ती चौथ्या बाकावरच्या बाईनं. जिवंतपणी कधी न मोडलेला शब्द तिनं मोडला होता. ऐकायला आली होती.