तळाच्या रंगाची माशी

गळ टाकायला आलेल्या पाहुण्याने डबा उघडला तेव्हा होडीवाल्या एल्कानाला हसू आलं, पण त्याने ते मिशीतल्या मिशीत जिरवलं. डब्यात गुलाबी, केशरी, चंदेरी माश्या ओळीने टोचून ठेवल्या होत्या, लग्नाला निघालेल्या करवल्यांसारख्या नटलेल्या. माशी म्हणायचं आपलं. गळाला केस, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली ती खोटी कोळंबी असते. गळाच्या मानेशी दोन मणी बांधतात. तेच तिचे डोळे आणि तेच तिचं वजन. खोल पाण्याला जड डोळे, गुडघाभर पाण्याला हलके, घोटाभर पाण्याला डोळेच नाहीत.

एल्कानाने होडी उथळात थांबवली, वाकून तळाची मूठभर वाळू उचलली आणि तळहातावर पसरून एकेक माशी तिच्यावर ठेवून पाहिली. हात लांब केल्यावर जी नजरेला सापडेल ती बाद. सगळ्याच सापडल्या.

"साहेब, ज्या तळावर पडणार त्या तळाची माशी लागते," तो म्हणाला. "तुमच्या या तर लांबूनच हाका मारतायत."

मग त्याने आपल्या टोपीला अडकवलेली एक काढून दिली. ती त्याने स्वतः बांधली होती आणि तशीच दिसत होती. हात त्याचा जाडच. माश्या बांधायची ती लिओथा, त्याची बायको. बहामातल्या अँड्रॉस बेटाच्या या दक्षिण टोकाला तिच्यासारख्या माश्या कुणी बांधत नसे. ती डावखुरी होती, त्यामुळे तिचा दोरा सगळ्यांच्या उलटा फिरायचा. शिवाय प्रत्येक माशीच्या पंखाखाली ती स्वतःचा एक केस बांधायची. माशाला काय दिसणार आहे तो केस, असं एल्काना चिडवायचा. "माशासाठी नाहीच आहे तो," ती म्हणायची आणि पुढे काही सांगायची नाही.

गेल्या वर्षी लिओथा शंख काढायला म्हणून छोटी होडी घेऊन गेली ती परत आलीच नाही. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे उथळ पाणी एकाएकी संपून निळा डोह सुरू होतो, तिथे होडी नांगरलेली सापडली. आत तिची टोपी होती आणि जॉनीकेकचा, म्हणजे घरच्या जाड पावाचा डबा, झाकण न उघडलेला. डोहाला तळ नाही असं म्हणतात. चर्चमध्ये रिकामी पेटी ठेवून प्रार्थना झाली. सगळ्यांनी आमेन म्हटलं, एल्कानाने म्हटलं नाही.

तेव्हापासून तो एकटाच राहत होता. तुरीचे दाणे घालून भात शिजवायचा तो दोघांपुरता, आणि उरलेला दुसऱ्या दिवशी खायचा. राजधानीत, नासाउला राहणारी मुलगी मार्व्हा दर फोनला तेच सांगायची, घर विका, होडी विका, माझ्याकडे या. शेवटी त्याने होकार दिला होता. येत्या शुक्रवारच्या टपालबोटीने निघायचं ठरलं होतं. घर बरं दिसावं म्हणून त्याने खोलीतली फळ्यांची जमीन नव्याने रंगवलीही होती. होडीच्या रंगाचे उरलेले डबे एकात एक ओतले, तर राखाडी, हिरवट, जरा आजारीच वाटावा असा रंग निघाला. तसा रंग दुनियेत दुसरीकडे नसेल. पण लिओथा डोहात आहे आणि आपण तिला तिथे टाकून चाललोय, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

पाहुण्याला सावली दाखवायला त्याला थोडा वेळ लागला. इथल्या उथळातला मासा म्हणजे बोनफिश. तो दिसत नाही, त्याच्या अंगाचा आरसा असतो. दिसते ती वाळूवरून सरकणारी त्याची सावली.

"टाका. राहू दे तिला. आता ओढा, वीतभर. थांबा. परत वीतभर." एल्काना हळू आवाजात सांगत होता. "पळणाऱ्याच्या मागे येतो तो. अंगावर आलात तर पळेल."

मासा लागला. बराच वेळ दोरा घेऊन पळाला आणि दमून आल्यावर एल्कानाने त्याला पाण्यातच धरला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात आणखी एक माशी होती. दोरा तुटून माशी माशाच्या तोंडात राहणं काही नवीन नाही. पण ही काळपट निळी होती, डोळे शिशाचे, चांगले जड. या पाण्यात ती दगडासारखी बुडली असती. खाऱ्या पाण्यात गळाला चार दिवसांत गंज चढतो. हा गळ चकचकीत होता. दोरा उलटा फिरवलेला होता.

एल्कानाने नखाने पंख उचलला. खाली एक केस होता, मुळाशी पांढरा होत आलेला.

पाहुण्याला त्याने काही सांगितलं नाही. लिओथाने बांधलेली शेवटची माशी त्याने मागच्या ईस्टरला तिवरांत अडकून गमावली होती, आणि त्या दिवशी तो होडीत बसून रडला होता. हे कुणाला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशीच्या माशाच्या तोंडात तपकिरी माशी मिळाली, डोळे जरा लहान. ती खाडीच्या तोंडाशी समुद्रगवत असतं त्या तळाची होती. त्यानंतर आली ती मातकट, हलक्या डोळ्यांची, तिवरांच्या मुळांशी गाळ असतो तसली. ज्या उथळात मासा लागला त्या उथळाची त्यातली एकही नव्हती. एल्कानाने त्या खिडकीच्या फळीवर शेजारीशेजारी ठेवल्या आणि मग त्याचा हात थांबला. डोह, खाडीचं तोंड, तिवरं. पाणी कमीकमी होत चाललं होतं. तिवरांनंतर त्याच्या घरापुढचा किनाराच येत होता.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण त्याआधी इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

संध्याकाळी त्याने प्रेस्टनला बोलावलं. प्रेस्टन त्याच्यासारखाच होडीवाला, लहानपणापासूनचा मित्र, गप्प बसणं ज्याला जमत नाही असा. त्याने माश्या उजेडात धरून पाहिल्या.

"डावखुरे काय कमी आहेत जगात?" तो म्हणाला. मग पंख उचलून पाहिला आणि माशी खाली ठेवली. हात पँटला पुसले.

"प्रेस्टन, ती येतेय."

"लिओथा माझ्या बायकोची मैत्रीण होती, म्हणून सांगतो," प्रेस्टन म्हणाला. "भावा, माशी कशासाठी बांधतात?"

एल्कानाने ती माशी उचलून परत ओळीत ठेवली.

"भेटायला बांधतात का? शुक्रवारी ट्रक घेऊन येतो मी. ट्रंक बांधून ठेव." जाताना तो समुद्राकडच्या दाराने गेला नाही. रस्त्याकडच्या दाराने गेला.

गुरुवारी सकाळी एल्काना होडी ओढून वाळूवर घेत असताना त्याच्या पँटच्या दुमडीला काहीतरी टोचलं. वाळूच्याच रंगाची माशी होती. घोटाभर पाण्याची, डोळे नसलेली. दोऱ्यावरचं रोगण अजून ओलं होतं, बोटाला चिकटलं. त्याला लिओथाच्या बोटांचा वास आला, रोगण आणि लिंबाचा.

त्याने पाण्याकडे पाहिलं. स्वच्छ ऊन होतं, पाणी घोट्यापर्यंतच होतं आणि लांबवर कुणी नव्हतं. वाळूवर त्याची एकट्याची पावलं होती. तेव्हा मात्र तो घाबरला. घरात येऊन त्याने समुद्राकडच्या दाराला कडी घातली, लग्नानंतर पहिल्यांदा. मार्व्हाला फोन करून सांगितलं की मी नक्की येतोय. "डॅडी, आवाज असा का येतोय?" तिने विचारलं. खोकला झालाय म्हणाला.

शुक्रवारी भर दुपारी ट्रक आला. ट्रंक बांधून झाली होती. प्रेस्टनने ती उचलून मागे टाकली आणि हॉर्न वाजवला. भरती पुरी चढली होती. मागच्या पायऱ्यांना पाणी लागल्याचा आवाज येत होता. एल्काना टोपी घ्यायला खोलीत परत आला. खिडकीची फळी रिकामी होती. माश्या त्याने आवरल्या नव्हत्या.

समुद्राकडचं दार उघडं होतं.

दारातून आलेल्या उन्हात, खोलीच्या मधोमध जमिनीवर एक बारीक सावली होती. नुसती सावली. वर काही दिसत नव्हतं. त्याने खूप वेळ पाहिलं, माशाकडे पाहतात तसं, नजर सैल सोडून. मग ती दिसली.

राखाडी, हिरवट, जरा आजारी रंगाची. त्याच्या जमिनीच्या रंगाची.

ही जमीन लिओथा गेल्यानंतर रंगवली होती. तिने हा रंग कधी पाहिलाच नव्हता.

"एल्काना," बाहेरून प्रेस्टनने हाक मारली. "बोट थांबायची नाही आपल्यासाठी."

"आलो," एल्काना म्हणाला.

माशी वीतभर सरकली, दाराच्या बाजूला. थांबली.

तिच्यामागे दोरा दिसत नव्हता. चांगला दोरा दिसत नाहीच.

इतकी वर्षं लोकांना शिकवलेलं सगळं एल्कानाला ठाऊक होतं. श्वास रोखून तो उभा राहिला. किती एकटा होतो आपण, असं त्याच्या मनात आलं.

माशी परत वीतभर सरकली.

त्याने रस्त्याकडे पाठ केली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

उंबऱ्यावर ती त्याच्यासाठी थांबली होती, गळाचं टोक वर करून.