खडेखिंडीतला ढीग

संघपालला त्या दिवशी फक्त अडीच किलोमीटरचा एक तुकडा जोडायचा होता. बाकी वाट जुळली होती. पुण्याच्या एका कंपनीला वैरागच्या वरच्या डोंगरातून सायकलवाट हवी होती. डांबर नको, मुरूम हवा, खडी हवी. त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीवरून सायकल चालवा.' गावातले लोक त्यालाच माळ म्हणत आणि काही पिकत नाही म्हणून शिव्या देत. कंपनीची अट एकच होती, स्वाराला कुठेही उतरावं लागता कामा नये. वाट पसंत पडली की नोकरी पक्की. नाही पडली तर चुलत्याने होटगीच्या एका गोदामावर रखवालीचं काम बघून ठेवलंच होतं. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडल्यापासून घरातला प्रत्येक मोठा माणूस त्याच्यासाठी काहीतरी बघून ठेवत होता. पोरा, तुला काय हवंय, एवढं सोडून सगळं विचारून झालं होतं.

एप्रिलमधले अकरा वाजले होते. खडेखिंडीच्या पायथ्याला बजाबाई शेळ्या घेऊन बसली होती. साठीला टेकलेली, पण नजर खणखणीत.

"वाकड्या हँडलाची सायकल कुटं निघाली?"

"खिंडीतनं पलीकडं, मावशी."

"कामाला न्हाय का लागलास अजून?"

"हेच काम हाय माजं."

"सायकल खेळायचं?" ती खुदकन हसली. मग वाकून एक दगड उचलला आणि त्याच्यापुढं धरला. "हे घे. वर ढीग लागंल, त्येच्यावर टाक. आन् थांबू नगो."

"मी असलं मानत न्हाय."

"तुज्या आजाला इच्यार की. धोंडिराम मुकादम कंदी खडा टाकल्याबिगर गेला न्हाय तितनं. आत देव निजलाय बाबा. त्येची झोप मोडू ने."

संघपालला हसूच आलं. आबा? आजारी पडेपर्यंत दर पौर्णिमेला विहारात उभं राहून अंधश्रद्धेवर तासभर बोलणारे आबा? त्याने दगड घेतला, वळणापर्यंत नेला आणि झुडपात फेकून दिला.

खिंडीत वारा नव्हता. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे कडे, मधे तापलेला रस्ता. हा रस्ता बहात्तरच्या दुष्काळात माणसांनी हातांनी फोडलेल्या खडीचा. उजव्या कड्याखाली तो ढीग होता. पन्नास वर्षं येणारा-जाणारा त्यावर खडा टाकतोय, तरी कमरेच्या वर गेलेला नाही. हे संघपालच्या मनात आलं आणि निघून गेलं. कारण पुढे रस्ताच तुटला होता. पावसाळ्यात ओढ्याने खाल्लेला भाग, दोन हात रुंद. इथे स्वार उतरणार. म्हणजे नोकरी गेली.

त्याने ढिगाकडे पाहिलं. दगड फुकट पडले होते.

एकेक उचलून तो खड्ड्यात रचू लागला. वरचे दगड उन्हाने तांबूस झालेले, हाताला चटके देणारे. दहा-बारा काढल्यावर खालचे गार लागले. ढिगातून ओल्या मातीचा वास आला. एप्रिलमध्ये. आणि त्या वासाखाली आणखी एक, बंद खोलीत बरीच माणसं झोपली असावीत तसा.

टक्. टक्... टक्.

सायकलच्या चाकाचा आवाज असेल. त्याने वळून पाहिलं. सायकल कड्याला टेकवलेली, चाक स्थिर.

टक्. टक्... टक्.

दगड तापला की तडकतो, हे त्याला माहीत होतं. पण तडकणारा दगड मधे थांबून वाट बघत नाही. त्याने हातातला दगड ढिगावर दोनदा आपटला. का, ते त्यालाही कळलं नाही. आवाज बंद झाला. इतका वेळ बंद, की कानात रक्ताची भणभण ऐकू यायला लागली. मग खालून, खूप खालून, एकदम... अनेक जागी... घाईघाईने.

टक्टक्टक्टक्...

त्याने सायकल ओढली आणि भरलेल्या खड्ड्यावरून न उतरता पलीकडे गेला. वाट जुळली.

लांबच्या रस्त्याने वैरागला पोचेपर्यंत दीड वाजला. आबा बाजेवर पडले होते. ऐंशी वर्षांचे. डोक्यामागच्या भिंतीवर सत्काराचा फोटो, त्याशेजारी खुंटीला लोखंडी कडी. दुष्काळी कामावर खडीचं माप तपासायची कडी ती. 'ह्या कडीतनं गेल्याबिगर एक खडा रस्त्यावर पडला न्हाय,' हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने हजारदा ऐकलं होतं. मोबाइलवर कंपनीचा निरोप होता, 'वाट पक्की ना? रविवारी चाळीस स्वार येतायत.'

"आबा, खडेखिंडीत काय हाय?"

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "खडा टाकलास न्हवं?"

"न्हाय. काढले. रस्त्याला घातले."

आबा उठून बसले. चार महिन्यांत ते आधाराशिवाय बसले नव्हते.

"परत ठेव जा. आत्ताच्या आत्ता. ऊन हाय तवर..."

"खालनं कोण ठोकतंय, आबा?"

म्हातारा भिंतीकडे वळला. बोलला तेव्हा आवाज विहारातला नव्हता.

"मुरूम खणत हुत्या. कडा बसला. सात बाया... आत पोकळी राहिली असंल. हातोड्या हुत्या त्येंच्याकडं."

"मग काढल्या का न्हाईत?"

"सकाळी सायेब यायचा हुता. अपघात दिसला तर काम बंद. तीनशे मानसं कामावर मिळनाऱ्या सुकडीवर जगत हुती रं. सगळ्यांनी मिळून ठरवलं."

"सगळ्यांनी म्हंजे कुणी?"

आबा बाजेची दोरी चाचपू लागले.

"किती दिवस ठोकत हुत्या?"

"तिसऱ्या दिवशी... मी वरनं धोंडं-माती टाकायला लावली. आवाज येत हुता लई."

"साहेबाला चहा पाजला असंल की तुमी."

"तू तवा न्हवतास!" म्हातारा ओरडला आणि लगेच विझला. "एकीची पोरगी हुती सात वर्सांची. आई कुटं म्हनून हिंडायची तितं. ढिगाला कान लावायची. मग मी तिला सांगितलं, आत देव निजलाय. पयला खडा तिच्या हातात मीच दिला."

संघपालला नाव विचारावं लागलं नाही. पन्नास वर्षं ती बाई रोज शेळ्या घेऊन जाते आणि रोज आपल्या आईवर एक दगड टाकते. आणि हा माणूस पौर्णिमेला लोकांना शहाणं करत आला.

त्याने कंपनीला दोन शब्द पाठवले, 'वाट नाही.' फोन लगेच वाजायला लागला, तो बंद केला. बजाबाईचा विश्वास बसायला हातात काहीतरी हवं, म्हणून खुंटीवरची कडी काढली. मागून आबा म्हणत होते, "कडी नगं नेऊ... संघ्या, तेवडी कडी नगं नेऊ तितं..."

खिंडीत पोचला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. शेळ्या रस्त्यातच घोळका करून उभ्या, एकही चरत नव्हती. बजाबाई ढिगावर पालथी पडून दगडाला कान लावून होती. सात वर्षांची असल्यासारखी.

"मावशी, मला तुमाला सांगायचंय..."

"गप." तिने हात वर केला. "खालनं बजे म्हनतंय कुनीतरी. मला बजे म्हननारी एकच हुती रं."

त्याला सांगावं लागलंच नाही. ती उठली, पदर खोचला आणि दगड बाजूला टाकू लागली. "आले गं, आले." तोही वाकला. कमरेइतका ढीग गुडघ्यावर आला, मग जमिनीला. कडा बसलेल्या जागी मोठे धोंडे, माती असायला हवी होती. तिथे खडी होती. नुसती खडी, आत, खोल, हात जाईल तिथवर. जुना दगड तांबूस पडतो. हा निळा-काळा होता, धारदार, आत्ता फोडल्यासारखा. त्याची करडी पूड बोटांना लागली. ती कोरडी आणि कोमट होती.

ढीग कधीच का वाढला नाही, ते संघपालला तेव्हा कळलं. वरून पडलेला प्रत्येक दगड खाली फोडला जात होता.

त्याने एक खडा कडीत धरला. आरपार गेला. दुसरा, तिसरा, बजाबाईच्या ओंजळीतला एकेक. सगळे एका मापाचे.

खालचं ठोकणं थांबलं होतं. मुकादम माप तपासत असला की मजूर हात थांबवून उभे राहतात, तसं.